प्लगसाठी दौंडला

हे गेले तेव्हा गाडी आमच्याकडे येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पांढरी, छोटी, तीन सिलिंडरची पेट्रोलची गाडी. ह्यांच्या कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी जाता जाता ती ह्यांना दिली. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आम्ही तळेगाव ढमढेऱ्यात राहायचो. दोन खोल्या, पुढे लहानसं अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. हे रांजणगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होते आणि मी केंदूरच्या शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायचे. मूलबाळ नव्हतं. त्याविषयी जे बोलायचं ते बोलून झालं होतं. पुढे आम्ही तो विषय काढत नव्हतो.

गाडी आल्यावर ह्यांचा रविवार ठरून गेला. सकाळी चहा झाला की बॉनेट उघडायचं, पाणी आणि ऑइल बघायचं, मग गाडी चालू करून ठेवायची आणि तेवढ्यात काचा पुसून घ्यायच्या. मग मला हाक मारायची, "चल, न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंत जाऊन येऊ." गाडी मोकळी झाली पाहिजे, असं म्हणायचे. कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर त्यांनी मला चालवायला शिकवलं. लायसनही काढून दिलं. पण एकदा लायसन आल्यावर मी पुन्हा शेजारच्या सीटवर बसायला लागले. ते चालवत असताना मला स्टिअरिंग मागावंसं कधी वाटलं नाही.

कारखान्यात दुसऱ्या पाळीला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. ते कंपनीच्या बसनं गेले होते, त्यामुळे गाडी दारातच होती.

तेरावा झाला, सासरची माणसं भांडगावला परत गेली, माझी बहीण तिच्या घरी गेली. त्यानंतरचा पहिला रविवार आला. मी चहा केला. घरात इतकी शांतता होती की गॅस बंद केल्यावर शेगडीचा थंड होतानाचा टिकटिक आवाजही ऐकू येत होता. काय करावं ते सुचेना. मग मी किल्ली घेतली, गाडीत जाऊन बसले आणि चालू केली. घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवली. काचा पुसल्या. बंद केली आणि घरात आले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. गाडी फाटकाबाहेर काढायचा विचार माझ्या मनात यायचा नाही असं नाही, पण आला की लगेच जायचा. कुठे जायचं? माहेर लांब, सासर भांडगावला, तिथे बोलावल्याशिवाय जायला संकोच वाटायचा. शाळेला मी जीपनं जायचे, बाजाराला चालत. त्यामुळे गाडी अंगणात उभ्या उभ्याच गुरगुरायची आणि मी आत बसून राहायचे. ह्यांच्या सवयींपैकी घरात तेवढीच उरली होती. शेजारच्या काकूंनी एकदा फाटकावरून विचारलं, "कुठं निघालात बाई?" मी म्हटलं, "कुठं नाही." पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं.

सहा-सात महिन्यांनी गाडी कुरकुर करायला लागली. चालू व्हायला वेळ घ्यायची, झाली की थरथरायची, मागून काळा धूर. पेट्रोलचा वास नाकात बसायचा. एका रविवारी चालूच होईना. समोर राहणाऱ्या टेम्पोवाल्यानं ढकलून चालू करून दिली आणि म्हणाला, "बंद करू नका, तशीच शिरूरला न्या. गॅरेजमधी दाखवा." मला नाही म्हणायलाही वेळ मिळाला नाही. फाटक त्यानंच उघडलं. अशी मी पहिल्यांदा एकटी नगर रोडला लागले. ट्रक मागून हॉर्न वाजवत होते, गाडी आचके देत होती, आणि मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की शिरूरला उतरल्यावर बोटं सरळ होईनात.

गॅरेजवाल्यानं बॉनेटखाली हात घालून एक तुकडा पान्यानं काढला आणि माझ्यासमोर धरला. करंगळीएवढा, वरून पांढऱ्या चिनी मातीचा, खालून लोखंडी. टोक काजळी धरल्यासारखं काळंभोर.

"प्लग गेलेत मॅडम. तिन्ही. हितं ठिणगी पडती, तवा पेट्रोल पेटतं. एवढी काजळी धरल्यावर ठिणगी पडायची कुठनं? समोरच्या दुकानातनं तीन प्लग घिऊन या."

मी समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. काउंटरवर तीन-चार पुरुष उभे होते. मी प्लग मागितले.

"कोणते?" दुकानदारानं विचारलं.

"गाडीचे. छोट्या गाडीचे."

"अवो, छोट्या गाडीला बी चार तऱ्हेचे येत्यात. नंबर काय?"

मला नंबर असतो हेच माहीत नव्हतं. त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता सांगितलं, "साहेबांना पाठवून द्या मॅडम. त्यांना म्हाईत आसंल."

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. त्याला कसं कळणार? मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. पण गॅरेजकडे परत जाववेना. एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेले, तिथल्या बाकावर बसले, गाड्या लागत होत्या, माणसं धावत होती, ते बघत राहिले. मग परत आले. तोवर गॅरेजवाल्यानं स्वतःच प्लग आणून बसवलेही होते.

"हॉट प्लग टाकलेत," तो म्हणाला. "आता काळे व्हायचे न्हाईत. बिनधास्त ऱ्हावा."

हॉट म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. गाडी चालू झाली, थरथर थांबली, एवढं मला पुरे होतं. पुढचे रविवार पुन्हा अंगणात गेले.

वर्षश्राद्ध भांडगावला करायचं ठरलं. दिरांनी निरोप पाठवला होता, जीप पाठवू का म्हणून. मी कळवलं, नको, मी गाडी घेऊन येते. असं का कळवलं ते माझं मलाही सांगता आलं नसतं. ह्यांच्या गावी, ह्यांच्या दिवशी, ह्यांची गाडी जावी असं काहीतरी डोक्यात होतं.

न्हावऱ्यापर्यंत ठीक गेली. भीमेचा पूल ओलांडला, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे चौफुल्याला आले. सोलापूर रोडला लागल्यावर मात्र वेग घ्यावाच लागला, आणि थोडा चढ लागला तशी इंजिनातून कटकट सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणीतरी हलवावा तसा आवाज. पाय दाबावा तर आवाज वाढे आणि गाडी मात्र पुढे जाईना. भांडगावात घरासमोर थांबून मी किल्ली काढली, तरी इंजिन बंद होईना. चार-दोन आचके देऊन, धापा टाकून मग थांबलं. ओट्यावर बसलेली सगळी माणसं बघत होती.

श्राद्ध झालं, पानं उठली. दुपारी दीर माझ्याजवळ येऊन बसले. ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, शेती तेच बघायचे. म्हणाले, "वहिनी, गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. तुम्हाला कशाला तो व्याप? मी सकाळी यष्टीत बसवून देतो."

बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण मघाशी हात धुवायला मागे गेले तेव्हा मी गोठ्याची एक बाजू पाहिली होती. तिथली गव्हाण काढली होती, जमीन झाडून-सारवून ठेवली होती, वर नवा पत्रा. गाडी मावेल एवढी जागा. मी यायच्या आधीच सगळं ठरलं होतं. मला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"गाडी दाखवून घ्यायची आहे," मी म्हटलं.

"कुठं दाखवणार?"

तेवढ्यात पलीकडे भिंतीला टेकून बसलेले चुलत सासरे बोलले. त्यांचा दौंडच्या बाजाराला नेहमीचा राबता होता. "दौंडात एक म्हातारं हाय," ते म्हणाले. "रेल्वेत फिटर हुतं. क्वार्टराच्या मागं ऱ्हातंय. गाडीचा आवाज ऐकून सांगतंय काय झालंय ते. त्याला दाखीव." दिरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटसवरून दौंडला गेले, गाडी सावकाश हाकत. विचारत विचारत रेल्वे क्वार्टरच्या मागच्या वस्तीत पोचले. कडुनिंबाखाली दोन खोल्यांचं घर, पुढे एक लाकडी बाक, त्यावर विटलेला निळा शर्ट घातलेले एक आजोबा सूप घेऊन गहू निवडत होते. सत्तरीच्या पुढचे असतील. मी गाडी थांबवली, किल्ली काढली, इंजिन पुन्हा धापा टाकत राहिलं. ते सूप खाली न ठेवता म्हणाले,

"प्लग कुणी घातलं हे?"

मी सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, आतून पाण्याचा तांब्या आणला. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. "इंजिन निवू द्या," ते म्हणाले. "गरम इंजिनातनं प्लग काढला की आटं जात्यात."

आम्ही बसलो. मी शिक्षिका आहे, हे वर्षापूर्वी गेले, एवढं बोलता बोलता सांगून झालं. मी आबा म्हणायला लागले, ते मला बाई म्हणायला लागले. त्यांचा बाप मेंढरं घेऊन दर साल कोकणात उतरायचा, घरात तेच चालत आलेलं. आबा मात्र पोरवयातच रेल्वेत खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले. "मी मेंढरं सोडून रुळाला लागलो," असं म्हणून हसले. साहेब लोक रुळांची पाहणी करायला पेट्रोलच्या इंजिनाची ट्रॉली वापरायचे, तिची देखभाल बरीच वर्षं आबांकडे होती. प्लग, कार्बोरेटर सगळं तिथे शिकलेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा भुसावळला, रेल्वेतच.

इंजिन निवलं तसे त्यांनी तिन्ही प्लग काढले आणि बाकावर ओळीनं उभे केले. टोकं काळी नव्हती. खडूसारखी पांढरी पडली होती, आणि एकावर बारीक फोड आल्यासारखे ठिपके होते.

"बघा. काजळीचं प्लग म्हंजी इंजिनाला ऊब पुरंना. पांढरं पडलं म्हंजी नाक भाजलं. चांगल्या प्लगाचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटावानी. आन् ह्यो तिसरा बघा." त्यांनी एक प्लग माझ्या हातात दिला. "ह्याचं आटं आखूड हाय. बाकी दोघांची ठिणगी खाली पडती, ह्याची वरच बिळात बसून पडती. दुकानात दोन एका नंबरचं घावलं आसंल, तिसरा मिळंल तो दिला. तीन पोरं तीन शाळंतली."

मग त्यांनी मला हॉट आणि कोल्ड म्हणजे काय ते सांगितलं. प्लगच्या आतलं चिनी मातीचं नाक लांब असलं की त्यातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, टोक तापून राहतं आणि काजळी जळून जाते. तो हॉट. नाक आखूड असलं की टोक लवकर निवतं. तो कोल्ड. थोडं थोडं, थांबून थांबून चालणाऱ्या गाडीला हॉट बरा, लांब पल्ल्याच्या गाडीला कोल्ड. मी वर्गात बसल्यासारखी ऐकत होते.

"मग माझ्या गाडीला कोणता?" मी विचारलं.

"त्ये तुम्ही सांगायचं. गाडी कुठं कुठं जाती?"

मी बाकावरचे प्लग बघत राहिले.

"शाळंत जाता का गाडीनं?"

"नाही. जीपनं."

"बाजाराला?"

"चालत."

"मग?"

"कुठंच जात नाही आबा," मी म्हटलं. "रविवारी अंगणात चालू करते. दहा मिनिटं. आणि बंद करते."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. हातातला प्लग पालथा-उताणा करत राहिले. मग म्हणाले, "साहेब करायचं का तसं?"

"हो."

"साहेब मग फिरवून बी आणत आसतील."

"हो. न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंत."

"तेवढं राहिलं बगा तुमचं," ते म्हणाले. "दहा मिंटात इंजिन गरम हुईत न्हाई. अर्धवट पेट्रोल जळतं, त्याची काजळी धरती. तुम्हाला वाटलं गाडी सांभाळतोय. पर गाडी आतनं काळी पडत हुती."

वर्षभर माझ्याशी सगळे जपून बोलत होते. शाळेत, घरी, कुणीच सरळ काही बोलायचं नाही. त्या म्हाताऱ्यानं गाडीविषयी बोलता बोलता जे सांगितलं ते ऐकून मला रडू आलं. तेरा दिवसांत मी रडले नव्हते इतकं रडले, एका परक्या माणसाच्या बाकावर, समोर तीन प्लग उभे. आबा उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून स्टो पेटवल्याचा आवाज आला. चहा घेऊन आले तेव्हा कपबशी ठेवत म्हणाले, "पुस्तक हाय का गाडीचं?"

डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं. ह्यांनी त्याला खाकी कव्हर घातलेलं, मुलांच्या वह्यांना घालतात तसं. ते तिथे असतं हे मला माहीत होतं, पण वर्षभरात मी ते उघडलं नव्हतं. आबांना इंग्रजी येत नव्हतं. मी पान शोधलं आणि वाचून दाखवायला लागले. चार-पाच अक्षरं, मधे एक आकडा, शेवटी आणखी अक्षरं. आबा एकेका अक्षराचा अर्थ सांगत गेले. हे आट्याच्या जाडीचं, हे लांबीचं, आणि मधला आकडा तो किती गरम किती थंड त्याचा. "कंपनीवाल्यानं ह्यो मधला आकडा उगंच दिलेला न्हाई. गाडी माणसावानी चालली तर हाच बराय. हॉटचं खूळ काढून टाका. प्लग पुस्तकातला घ्या, आन् गाडी रोज न्हाई तर आठवड्यातनं एकदा तासभर तरी रस्त्यावर काढा."

ते माझ्याबरोबर बाजारातल्या दुकानापर्यंत आले. पायरी चढताना म्हणाले, "तुम्हीच बोला." मी काउंटरवर गेले आणि नंबर सांगितला, एकेक अक्षर सुटं करून. दुकानदारानं माझ्यामागे उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं. आबा रस्त्यावरून जाणारी बैलगाडी बघत होते. दुकानदारानं मग माझ्याकडे पाहिलं आणि खोकी काढली. मी तिन्ही खोकी उघडली, नंबर ताडून पाहिले, जुन्या प्लगशेजारी उभे करून आट्यांची लांबी पाहिली. हे सगळं आबांनी वाटेत सांगितलं होतं.

परत आल्यावर त्यांनी फट मोजायचं पातळ पात्यांचं गेज दाखवलं, पुस्तकात दिलेल्या मापाचं पातं प्लगच्या टोकांमधल्या फटीत जरासं अडकत सरकलं पाहिजे म्हणाले. दोन प्लग त्यांनी बसवले. तिसरा माझ्या हातात दिला.

"पाना न्हाई. आधी बोटानं. बोटानं जिथवर जातोय तिथवर बोटानंच न्यायचा. आडला तर जोर न्हाई लावायचा, काढायचा आन् पुन्यांदा बसवायचा. पान्यानं शेवटचा येढा, बास."

मी बसवला. त्यांनी चालू करायला सांगितलं. इंजिन एका दमात लागलं. आबा डोळे मिटून ऐकत उभे राहिले आणि मग त्यांनी बॉनेट लावलं.

मी भांडगावला परत गेले नाही. सरळ घरी आले. दिरांना नंतर पत्र टाकलं की गाडी मी वापरणार आहे. त्यांचं उत्तर आलं नाही. पुढे दोन वर्षं त्या घराशी माझा संबंध जेमतेम राहिला, ते तुटणं मला टोचत होतं, पण गाडी द्यायची माझी तयारी नव्हती.

रविवारी आता मी फाटक उघडून बाहेर पडायचे. कधी शिरूर, कधी नुसतंच न्हावऱ्याच्या पुढे नदीपर्यंत. महिन्यातून एकदा दौंड. आबांकडे जाताना मी पोळ्या, भाजी करून न्यायचे, ते चहा करायचे. आमच्यात फारसं बोलणं व्हायचं नाही. ते एक प्लग काढायचे, उजेडात धरायचे, मला दाखवायचे. "बिस्कीट," असं म्हणायचे. एकदा मी त्यांना विचारलं, एकटं कसं वाटतं? म्हणाले, "सवय हुईत न्हाई. हुईल म्हणत्याल लोक. तुम्ही खरं मानू नका." त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. एका दिवाळीच्या सुट्टीत मी नवे प्लग विकत घेऊन, सोबत चिवड्याचा डबा घेऊन गेले, तर घराला कुलूप. बाक होतं, कडुनिंबाखाली पाला पडलेला. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"मुलानं नेलं त्यांना. भुसावळला. महिना झाला."

"बरं नव्हतं का?"

"डोळ्याला दिसंना झालतं. भाकर भाजताना हात भाजून घेतला. मग मुलगा आला आन् घिऊन गेला."

"पत्ता आहे का?"

"न्हाई बा. तुम्ही कोण त्यांच्या?"

मी नात्याची नाही, गावची नाही, जातीची नाही. "ओळखीची," मी म्हटलं. माझ्यासाठी काही सांगून गेलेत का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या बाईंना नाही म्हणावं लागलं असतं. डोळ्याला दिसेनासं झालं होतं म्हणे. म्हणजे गेले काही महिने ते प्लग उजेडात धरायचे आणि "बिस्कीट" म्हणायचे तेव्हा त्यांना रंग दिसत होता की नाही, देव जाणे. मी पाहत होते, मला दिसत होता, आणि मी त्यांच्या तोंडून ऐकायला तिथे जात होते.

लगेच परत फिरायला नको वाटलं. मी बाकावर बसून इंजिन निवायची वाट पाहिली. मग बॉनेट उघडलं, जुने प्लग काढले, नव्यांची फट मोजली, एकेक बोटानं फिरवत बसवले. त्या बाई पदर खोचून बघत उभ्या होत्या. काम झाल्यावर त्यांनी हातावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "दुपारची येळ हाय. भाकर खाऊन जावा." मी त्यांच्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. चिवड्याचा डबा त्यांना देऊन आले.

भुसावळला जायचं, रेल्वेच्या ऑफिसात चौकशी करायची, असं मी बऱ्याचदा ठरवलं. गेले नाही. आबांचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

त्यानंतरच्या जूनपासून मी शाळेला गाडीनं जायला लागले. आमच्याच शाळेतल्या, शिक्रापूरला राहणाऱ्या दोन शिक्षिका माझ्याबरोबर यायच्या. सकाळी त्यांना चौकातून घ्यायचे, संध्याकाळी तिथेच सोडायचे. त्या मुलांच्या परीक्षा, सासूचं दुखणं, नवऱ्याची पाळी, सगळं बोलायच्या, आणि मी चालवता चालवता हूं हूं करायचे. आमची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही, पण माझी रजा असली तर त्या चौकशी करायच्या. गाडी पुढे आणखी सात वर्षं माझ्याकडे होती. चौकात त्या उतरल्या की गाडीत एकदम शांत व्हायचं. तिथून तळेगाव चार-पाच किलोमीटर. तेवढा रस्ता मी सावकाश चालवायचे.